इंदूबाईची एकोणीस हजार पावलं

चालण्याची स्पर्धा ठेवायची कल्पना माझीच होती, त्यामुळे पुढे जे झालं त्याची सुरुवातही माझ्याकडेच येते.

अमरावतीत शेगाव नाक्यापासून थोडं आत आमची कॉलनी आहे, पंचेचाळीस घरांची. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त होऊन मला तेव्हा वर्ष होत आलं होतं. वर्षभरात पोट पट्ट्याच्या वर आलं, बीपीची गोळी सुरू झाली, आणि डॉक्टरांनी दोन खेपा एकच गोष्ट सांगितली, "गोपालराव, चाला." एकट्याला चालायचा कंटाळा, म्हणून मी सगळ्या कॉलनीलाच चालायला लावायचं ठरवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला. सव्वीस डिसेंबरपासून तीस दिवस. फोन अंगावर ठेवून चालायचं, फोन पावलं मोजतो, आणि संध्याकाळी आठ वाजता त्या आकड्याचा स्क्रीनशॉट गटावर टाकायचा. तीस दिवसांत ज्याची पावलं सगळ्यात जास्त, त्याला प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनानंतर चालायचे बूट. बेचाळीस जणांनी नावं दिली.

पहिल्या दिवशी आठच्या ठोक्याला अमोलचा आकडा आला, सतरा हजार चारशे. अमोल आमच्या मागच्या ओळीत राहतो. पस्तिशीचा इंजिनिअर, पहाटे पाचला पळत मालटेकडीपर्यंत जाऊन येणारा, अंडी मोजून खाणारा. बूट त्याच्याच पायात जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. खालोखाल कोणाचे नऊ हजार, कोणाचे आठ. माझे सहा हजार दोनशे. आणि आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्याच बायकोच्या, साधनाच्या, नंबरवरून एक फोटो आला. खाली लिहिलेलं, 'इंदूबाई, १९,३१६.'

इंदूबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहणारी विधवा बाई. वय चौसष्ट. एका दवाखान्यात तीस वर्षं आया होती. अंगानं वाळलेली, उंचीनं माझ्या खांद्याला, पदर कमरेला खोचलेला, पायात मागून पट्टा लावलेली सँडल. तिच्या मुलीनं दिलेला जुना फोन तिच्याकडे होता, काच तडकलेला. त्यातून फोटो कसा पाठवायचा हे तिला येत नव्हतं, म्हणून ती रोज आठला आमच्याकडे यायची आणि साधना तिचं काम करून द्यायची.

पाच मिनिटांत अमोलचा फोन. "काका, ही बाई तुम्हाला कधी ग्राउंडवर दिसली?"

"नाही."

"सकाळी बागेत?"

"नाही बुवा."

"मग एकोणीस हजार पावलं कुठं चालली? घरात?"

मी म्हटलं, एखादा दिवस असेल. पण दुसऱ्या दिवशी अठरा हजार सातशे. तिसऱ्या दिवशी वीस हजार. अमोलनं मला एक व्हिडिओ पाठवला. त्यात एका माणसानं फोन छताच्या पंख्याला बांधून पंखा सुरू केला होता आणि पावलं भराभरा वाढत होती. खाली अमोलनं लिहिलं होतं, 'फक्त माहितीसाठी.'

शंका एकदा मनात शिरली की ती बसायला जागा करून घेते. मी इंदूबाईच्या घरावरून जाताना पंख्याचा आवाज ऐकू लागलो. डिसेंबरात अमरावतीत पंखा कोण लावतो? आवाज नव्हता. मग वाटलं, फोन दुसऱ्याच कोणाजवळ देत असेल. पेपर टाकणाऱ्याजवळ, दूध घालणाऱ्याजवळ. आम्ही सगळे पहाटे निघायचो, तर ही बाई सकाळी साडेनऊला, उन्हं चांगली वर आल्यावर बाहेर पडायची. हातात कापडी पिशवी. पिशवीतून टॉवेल डोकावायचा. परत यायची दीड वाजता. चालायला जाणारा माणूस पिशवी आणि टॉवेल कशाला नेईल?

"तिलेच इचारा ना सरळ," साधना म्हणाली. "रोज तं येते आपल्या घरी."

"सरळ विचारलं तर सरळ सांगेल का?"

"तुमी इचारलं नाही तं कशी सांगन?"

साधनाचं बोलणं असं असतं. पण मी स्पर्धेचा प्रमुख, मला पुरावा हवा होता. आठव्या दिवशी संध्याकाळी इंदूबाई आली, साधना तिला पाणी आणायला आत गेली, बाई ओट्यावर टेकली, आणि तिचा फोन माझ्यासमोर टीपॉयवर उघडा. त्या अ‍ॅपमध्ये दिवसभराचा आलेख दिसतो, कोणत्या तासात किती पावलं पडली त्याचा. मी पटकन पाहून घेतला. साडेनऊ ते साडेदहा सलग, जाड, उंच. इथपर्यंत ठीक. पण मग तुटक. चाळीस पावलं, थांबा. साठ पावलं, थांबा. पुन्हा पन्नास. नंतर सलग. पुन्हा तुटक. दुपारपर्यंत असंच.

असा आलेख मी ओळखत होतो. हातात धरून हलवलेल्या फोनचा आलेख असा दिसतो. मला कसं माहीत? सांगूनच टाकतो. चौथ्या दिवशी माझे पाच हजारच भरले होते. गटाचा प्रमुख, आणि पाच हजार! सोफ्यावर बातम्या बघता बघता मी फोन हातात घेऊन हलवत बसलो. अर्ध्या तासात दोन हजार पावलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग सवय लागली. ती बाई चोर असेल हे माझ्या डोक्यात इतक्या लवकर कसं आलं, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

नवव्या दिवशी मी तिच्या मागं जायचं ठरवलं.

साडेनऊला ती निघाली. मी वीस-तीस पावलं अंतर ठेवून मागं. मला वाटलं होतं, म्हातारी बाई, हळूहळू जाईल. ती गाडगेनगरच्या रस्त्याला लागली तशी तिचं अंतर वाढू लागलं. ती पळत नव्हती, घाईतही दिसत नव्हती. पाय उचलायची, ठेवायची, उचलायची, बस्स. मी मात्र रसवंतीच्या दुकानाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. पहिला दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली. पायी चालणाऱ्या बाईच्या मागं स्कूटर चालवणं किती विचित्र दिसतं, ते त्या दिवशी कळलं. दर शंभर फुटांवर थांबायचं, फोन काढून कानाला लावायचा, खोटंच "हॅलो" म्हणायचं. पंचवटी चौकाच्या अलीकडे पानठेल्यावरच्या माणसानं दोन वेळा माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच, "का हो काका, पेट्रोल सरलं का?" मी मान हलवली आणि घरी परतलो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा पायी. आदल्या रात्री लवकर जेवलो, सकाळी पोटात फक्त चहा आणि एक पोळी. त्या दिवशी मी टिकलो. पण बाई सरळ रस्त्यानं जाईचना. इर्विन चौकाकडे जाता जाता ती डावीकडे वळली, एका शाळेला वळसा घातला, पुन्हा मुख्य रस्त्यावर आली, मग एका बोळातून निघून दुसऱ्या बोळात. माझी खात्री पटली, ही मुद्दाम चुकवते आहे. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस असा वाकडातिकडा जातो का? घाम पुसत पुसत मी तिच्या मागं पठाण चौकाच्या पुढल्या एका गल्लीत शिरलो.

गल्लीत गादी भरायचं एक छोटं दुकान होतं. दारात पिंजलेल्या कापसाचा ढीग. दुकानाला लागूनच घराचं दार होतं, त्यावर हिरवा पडदा. इंदूबाई पडदा सारून आत गेली. पडदा अर्धवटच पडला, मला आतली खाट दिसत होती. खाटेवर पंचावन्न-छप्पन्न वर्षांची एक बाई बसलेली, उजवा हात मांडीवर ठेवलेला, मेलेल्या पाखरासारखा. इंदूबाईनं कमरेच्या बटव्यातून फोन काढला, रुमालात गुंडाळला, आणि तो रुमाल त्या बाईच्या कमरेला बांधला.

सापडली!  म्हणजे फोन दुसऱ्याच्या अंगावर! मला वाटलं होतं ते अक्षरशः खरं. मी माझा फोन वर केला, कॅमेरा लावला.

त्याच वेळी माझ्या खांद्यावर हात पडला. जड हात.

"क्या भाईसाब, किसका फोटो निकाल रहे?"

मागं साठीचा एक उंच माणूस उभा होता. दाढीत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. हातात गादी शिवायचा लांब दाभण. मी फोन खाली केला. त्यानं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि मी मराठी माणूस आहे हे ओळखून भाषा बदलली.

"माह्या घरातल्या बाईचा फोटो काहून काढून राहिले तुमी? कोन हाय तुमी?"

"मी... ते... आमच्या कॉलनीतली..."

"कोनती कॉलनी? इथी काय काम तुमचं?"

समोरच्या घरातून दोघं बाहेर आले. एकजण म्हणाला, "गफ्फारभाई, हा माणूस काल स्कूटरवर फिरत होता तिकडं पंचवटीकडे, म्या पाहिला."  'एका विधवा बाईचा पाठलाग करत आलो, ती पावलं चोरते का ते पाहायला,' हे त्या गल्लीत उभं राहून कसं सांगायचं?  

पडदा सरला आणि इंदूबाई बाहेर आली.

"अवं गफ्फारभाऊ, सोडा त्याइले. आमच्या कॉलनीतले गोपालभाऊ हायेत. चालाची स्पर्धा यायनंच ठेवली."

"पर हे फोटो काहून काढत होते?"

"आता ते थेच सांगतीन. तीन दिवसांपासून माह्या मांगं हायेत." ती माझ्याकडे वळली. "म्या म्हटलं, हाका मारावं का? मंग म्हटलं, मानूस चालून राहिला, चालू द्या. कालच्याले स्कूटर आनली तुमी, थे काही मले आवडलं नाही. म्हनून आज जरा लांबच्या रस्त्यानं आली."

म्हणजे शाळेचा वळसा, ते बोळ, सगळं माझ्यासाठी होतं.  गफ्फारभाईंनी दाभण खाली केला, पण नजर खाली केली नाही.

मला आत बोलावलं. खाटेवरची बाई म्हणजे आमिना, गफ्फारभाईंची बायको. आठ महिन्यांपूर्वी तिला पॅरालिसिसचा झटका आला होता, उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आली ती खाटेवर बसली ती बसलीच. पडायची भीती. इंदूबाईच्या ओळखीच्या एका नर्सनं तिचा पत्ता दिला होता आणि पाच महिने झाले, इंदूबाई एक पैसाही न घेता रोज येत होती. तेल लावून पाय मोकळा करायचा, मग उभं करायचं, मग चालवायचं. टॉवेल आमिनाच्या कमरेला गुंडाळून मागून धरायला लागायचा, पडली तर सावरायला.

"आणि फोन?" मी विचारलं. आवाजात अजून जरब आणायचा प्रयत्न होता, पण ती आली नाही.

"म्या रोज सांगो तिले, आमिनाबी, आज तू कालच्यापेक्षा जास्त चालली. तिले वाटे, हे बाई माह्यं मन ठेवाले बोलून राहिली."

"सब झूट बोलते थे मुझे," आमिना हळू, जड जिभेनं म्हणाली. "डाक्टर, ये, सब. अच्छी हो, अच्छी हो."

"तुमची स्पर्धा लागली तशी म्या फोन तिच्या कमरेले बांधला," इंदूबाई म्हणाली. "अन् एक गोष्ट समजली भाऊ. पाय घासत चाललं तं हा फोन मोजतच नाही. पाय उचलला तरच मोजते. आता पाहा."

तिनं आमिनाला उभं केलं, टॉवेल धरला. आमिना निघाली. डावं पाऊल टाकलं, मग उजवं, तोंड वाकडं करून, सगळा जीव त्या एका पायात आणून, उचललं. खाटेपासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत. मग भिंतीला टेकून उभी राहिली, श्वास घेत. तुटक आलेखातल्या त्या मोकळ्या जागा मला आता उभ्या राहिलेल्या दिसत होत्या. चाळीस पावलं झाली तेव्हा तिनं डाव्या हातानं रुमाल सोडला, फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला. आणि मग नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, इंदूबाईकडेही नाही.

गफ्फारभाईंनी मला चहा दिला. माझा संशय मात्र गेला नव्हता, खरं सांगतो. निघाल्यावर रस्त्यात मी विचारलं, "अशी किती घरं आहेत?"

"पाच."

"सगळीकडे फोन दुसऱ्याला बांधता?"

"चार ठिकाणी. माणिकबाई हाय एक, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, तिचा सोताचा फोन हाय."

"म्हणजे तुमच्या एकोणीस हजारांत त्यांची पावलं आहेत."

ती थांबली. रस्त्याच्या कडेला, ऊन डोक्यावर. "थे चालत नाही का नियमात?"

"नियमात स्वतःचीच पावलं, असं लिहिलंय."

"मले वाचता येते भाऊ, पन ते तुमचं लिहिलेलं साधनानं मले सांगतलं नाही, अन् म्या इचारलं नाही. मंग कापा."

मला वाटलं, इतक्या सहज कापा म्हणणारी बाई काही तरी लपवते. म्हणून पुढचे चार दिवस मी तिच्यासोबत उघड उघड चाललो आणि प्रत्येक घरी फोन बांधायच्या आधीचा आणि सोडल्यानंतरचा आकडा कागदावर लिहिला. आमिना तीनशे वीस. दुसऱ्या घरचे एक गृहस्थ अडीचशे. तिसऱ्या, चौथ्या घरी आणखी थोडी. सगळी मिळून अकराशेच्या आसपास. बाकी सतरा-अठरा हजार पावलं तिची स्वतःची होती. ती मी तिच्याबरोबर चालून मोजली, कारण तितकीच माझ्याही फोनमध्ये पडत होती. पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलो आणि तिथेच झोपलो.

चालता चालता ती बोलायची. रोजच्या जगण्याबद्दल मी खोदून खोदून विचारायचो, त्यातही संशयच होता: ह्या वयात हे जमतं कसं? गोळ्या घेते का? ती म्हणायची, ज्वारीची भाकर, भाजी, ताक. दिवे लागायच्या वेळी जेवण. चहात साखर नाही. तासाभराच्या वर एका जागी बसायचं नाही, आणि दिवसातून पाच-सहा वेळा जमिनीवर बसून हात न टेकता उठायचं.

"हे शेवटलं कोणी सांगितलं?"

"कोनी नाही." आणि मग तिनं अकोल्याचं सांगितलं.

नोकरी संपल्यावर ती अकोल्याला मुलीकडे राहायला गेली होती. मुलगी चांगली, जावई चांगला. "हालूच देत नव्हते मले. आई, तू बस. आई, तू लय केलं, आता बस. म्या बसली. टीव्ही पाहो, जेवो, झोपो. सहा महिन्यांत अंग भरलं. एक दिवस देव्हाऱ्यासमोर बसली पूजेले, अन् उठाले गेली तं उठताच ये ना. पोरीले हाक मारली. तिनं मागून काखेत हात घातले अन् उचललं मले. तसं म्या दवाखान्यात हजार लोकाइले उचललं असन, भाऊ. कसं पकडाचं, कुठी जोर लावाचा, सगळं मले माहीत. पन मले कोनी उचलन हे कधी मनात नाही आलं. पोरगी हासली, म्हने आई, म्हातारी झाली तू.  चार दिवसांनं पिशवी भरली, सकाळची गाडी पकडली अन् अमरावतीले आली."

"मुलीला राग आला असेल."

"अजून हाय. तिले वाटते, अठी माह्यं कोनी तरी हाय." ती हसली. "संशय घेनाऱ्याइची काही कमी नाही भाऊ मले."

मी हातातला आकड्यांचा कागद घडी करून खिशात घातला.

चोवीस जानेवारीला मोजणी झाली. इंदूबाईची तीस दिवसांची पावलं पाच लाख एकसष्ट हजार. अमोलची पाच लाख अडतीस हजार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या अंगणात पाच-सहा जण जमले, इंदूबाईलाही बोलावलं. मी सगळं सांगितलं, पाठलागापासून. सांगताना स्कूटरचा भाग गाळायचा विचार होता, पण ती समोर बसली होती.

अमोल शांतपणे म्हणाला, "म्हणजे काका, शंका बरोबरच होती. फोन दुसऱ्याच्या अंगावर होता."

"होता."

"मग ते खोटंच झालं ना?"

"झालं," असं मी म्हणायच्या आत इंदूबाईच म्हणाली. "रोजचे दीड हजार कापा माह्ये."

"अकराशे होतात, मी मोजलेत," मी म्हटलं.

"कापाचे तं मोजून नोका कापू. दीड हजार कापा."

पंचेचाळीस हजार गेले. तिची राहिली पाच लाख सोळा हजार. अकराशेनं कापले असते तरी अमोल दहा हजारांनी पुढेच होता. त्याचा चेहरा जिंकणाऱ्यासारखा दिसत नव्हता, पण बूट आठ नंबरचे होते, ते त्याच्याच मापाचे निघाले आणि त्यानं घेतले. का घेऊ नयेत? तो तीस दिवस पहाटे उठून पळाला होता.

त्या बैठकीत मला आणखी एक काम करायचं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो की माझ्या नावापुढच्या अकरा दिवसांची पावलं खोडायची आहेत, कारण ती मी सोफ्यावर बसून हातानं हलवलेली आहेत.  मग दारातून साधनाचा आवाज आला.

"मले वाटे, बीपीनं हात थरथरते तुमचा. म्या तं डॉक्टरले इचारनार होती."

सगळे हसले. अमोल सगळ्यात जास्त. मी सहाव्या नंबरवरून अठ्ठाविसाव्यावर गेलो.

यानं सगळ्यांच्या मनातली जळमटं गेली असं मात्र नाही. झेंडावंदनाच्या दिवशी चहा घेताना एकजण माझ्या कानाशी म्हणाला, "दवाखान्यातली बाई आहे, कशावरून फुकट जाते? काहीतरी घेत असेलच." दुसरा म्हणाला, "त्या मोहल्ल्यात रोज जाण्याएवढं काय आहे?" मी सांगितलं, काय आहे ते मी पाहिलंय. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की आता मीही त्यात सामील आहे. इंदूबाई त्या दिवशी झेंडावंदनाला आली, जनगणमन होईपर्यंत उभी राहिली, आणि साडेनऊला पिशवी घेऊन निघून गेली.

स्पर्धा संपली तशी गटातली गर्दीही ओसरली. बेचाळीसपैकी दहा-अकरा जण अजून चालतात. मी सोमवार, बुधवार, शुक्रवार इंदूबाईबरोबर जातो, बाकी दिवस कॉलनीतल्या रस्त्यावर फेऱ्या मारतो. माझं वजन चार किलो उतरलंय. बीपीची गोळी डॉक्टरांनी कमी केलेली नाही, "अजून बघू" म्हणाले. रात्रीचं जेवण आठच्या आत आणलंय, साखर अर्धी केली आहे. पूर्ण सोडणं जमत नाही. आमिना फेब्रुवारीत टॉवेलशिवाय दारापर्यंत आली. गफ्फारभाई माझ्याशी आता नीट बोलतात, तरी मी फोन काढला की त्यांचं लक्ष एकदा माझ्या हाताकडे जातंच.

मार्चमध्ये गाडगेनगरातल्या एका घरचा पत्ता आला. सत्तरीच्या एका गृहस्थांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन महिना झालेला, आणि ते खाटेवरून उतरायला तयार नव्हते. आम्ही दोघं गेलो. दार त्यांच्या मुलानं उघडलं, चाळिशीचा. साखळी काढली नाही. फटीतून आधी इंदूबाईकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग माझ्याकडे.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोनी नाही पाठवलं. तुमच्या शेजारच्यानं पत्ता देल्ला," इंदूबाई म्हणाली.

"कोणत्या एजन्सीकडून आलात? आणि हे कोण?"

"पह्यले पानी देजा, मंग इचारजा."

तो तसाच उभा राहिला. आतून म्हाताऱ्या माणसाचा खोकला ऐकू आला, आणि विचारणा, कोण आहे रे? मुलानं साखळी काढली, पण वाट पूर्ण सोडली नाही. इंदूबाई त्याच्या बाजूनं अंग चोरून आत गेली, सरळ खाटेकडे, आणि आवाज आला, "चाला काका, बसून दाखवा बरं."

मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. तो मुलगा माझ्याकडे पाहत होता, हातात फोन, रेकॉर्डिंगचं लाल टिंब दिसत होतं.

"विचारा," मी म्हटलं. "काय काय विचारायचं ते सगळं विचारा. मी इथंच आहे."